एक जादा प्लग

मे 1930. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ, अबूकीरच्या विमानतळावर एक छोटं जिप्सी मॉथ विमान खोळंबून उभं होतं. त्याचे वैमानिक अस्पी इंजिनिअर तेव्हा अवघे सतरा वर्षांचे होते. इंग्लंड आणि भारत यांच्यामधलं अंतर एकट्याने उडत पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी 500 पौंडांचं बक्षीस लावलं होतं, आणि त्यासाठी अस्पी इंग्लंडहून कराचीकडे निघाले होते. इंजिनाला स्पार्क प्लग हवा होता आणि नेमका तोच त्यांच्याजवळ नव्हता. त्याच मैदानावर उलट दिशेने, कराचीहून लंडनकडे निघालेलं दुसरं जिप्सी मॉथ उतरलं. त्यात होते पंचवीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा, त्याच बक्षिसाच्या मागे लागलेले. जेआरडींजवळ जादा प्लग होता. तो त्यांनी काढून दिला. पुढे दोघंही आपापल्या मुक्कामी पोचले, पण अस्पी काही तास आधी पोचले आणि बक्षीस त्यांना मिळालं. तीस वर्षांनी ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

ही गोष्ट जेआरडींच्या दिलदारपणाची म्हणून सांगतात आणि ती तशी आहेच. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. हजारो किलोमीटरचा प्रवास मुठीत मावणाऱ्या एका वस्तूसाठी अडला होता. ती वस्तू दुसऱ्या कुणीतरी निघतानाच आठवणीने पिशवीत टाकली होती, म्हणून तो पुन्हा सुरू झाला.

स्कूटरच्या डिकीत प्लगपाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि एक जादा प्लग ठेवणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. ‘प्लगला कचरा आला’ म्हणत रस्त्याकडेला गाडी तिरकी करणारे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. छोट्या खासगी विमानाची पिशवीही त्याच विचारातून भरली जाते. मात्र विमानात प्रत्येक किलोचा हिशेब द्यावा लागतो, आणि कुठल्या नटाला कुणी हात लावायचा हे कायदा ठरवतो.

वजनाचा हिशेब

उदाहरणासाठी सेस्ना 172 घेऊ. 1956 पासून आजवर या विमानाच्या 44,000 हून अधिक प्रती बनल्या. जगभरच्या शिकाऊ वैमानिकांची पहिली ओळख बहुधा याच्याशीच होते. त्याच्या 172 एस या प्रकाराचं उड्डाणावेळचं कमाल वजन 1,157 किलो. विमानाचं स्वतःचं वजन वजा केलं की माणसं, पेट्रोल आणि सामान यांच्यासाठी साधारण 400 किलो उरतात. टाक्या काठोकाठ भरल्या तर वापरता येणारं पेट्रोल सुमारे 200 लिटर, आणि विमानाचं पेट्रोल लिटरला 0.72 किलो भरतं. म्हणजे 144 किलो तिथेच गेले. उरलेल्या 256 किलोंत पंचाहत्तर किलोंची चार माणसं बसत नाहीत. खुर्च्या चार आहेत, पण टाक्या भरून चौघांनी निघता येत नाही.

अशा विमानात गॅरेजमधली लोखंडी पेटी ठेवली तर कुणाचं तरी सामान किंवा काही लिटर पेट्रोल खाली ठेवावं लागेल. मागच्या कप्प्याची मर्यादा 54 किलो आहे, पण तो कप्पा शेपटीकडे आहे हेही लक्षात घ्यावं लागतं. भार जितका मागे सरकतो, तितकं विमान नाक वर उचलायला बघतं. मग वेग घटून पंखांची उचल गेली, तर त्यातून सावरणं कठीण होतं. म्हणून हत्यारांची पिशवी वजन करून, तिची जागा ठरवून, पट्ट्याने घट्ट बांधूनच न्यायची. हवेतल्या एका जोरदार झटक्यात मोकळा पाना छतावर आपटून माणसाच्या डोक्यात येऊ शकतो. पोलादी हत्यारं होकायंत्राजवळ ठेवली तर त्याची सुईच भरकटते. पाच-सहा किलोंत हत्यारं आणि सुटे भाग बसवायचे, अशी शिस्त स्वतःला लावून घेतली की निवड आपोआप नेटकी होते.

चार प्रश्न

पिशवीत जाणाऱ्या प्रत्येक सुट्या भागाला चार प्रश्न विचारावेत. हा भाग बिघडला तर विमान खरोखर अडेल का? तो बदलायला लागणारं हत्यार माझ्याजवळ आहे का? तो मला नीट बसवता येतो का, म्हणजे हँगरमध्ये जाणत्या मेकॅनिकच्या देखरेखीखाली मी तो एकदा तरी बसवला आहे का? आणि तो बसवण्याचा मला अधिकार आहे का?

अल्टरनेटरचा पट्टा घेऊ. तो तुटला की बॅटरी भरायची थांबते, म्हणून जादा पट्टा न्यावा असं कुणालाही वाटेल. पण 172 मधल्या लायकॉमिंग इंजिनात हा पट्टा पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, मागच्या चाकावरून जातो. तो घालायला प्रोपेलर उतरवावा लागतो. माळरानावरच्या धावपट्टीवर एकट्या वैमानिकाने करायचं हे काम नव्हे. पट्टा पहिल्या प्रश्नात उत्तीर्ण झाला आणि उरलेल्या तिन्हींत नापास. तो घरीच राहू द्यावा.

चौथा प्रश्न देशागणिक बदलतो. अमेरिकेत खासगी वैमानिकाचा परवाना असलेल्या माणसाला, भाड्याने न चालणाऱ्या आपल्या विमानावर ‘प्रतिबंधक देखभाल’ या सदरातली तीसेक कामं स्वतः करता येतात. टायर बदलणं, प्लग काढून साफ करणं किंवा नवे घालणं, बॅटरी बदलणं, दिव्यांचे बल्ब बदलणं, तुटलेली सेफ्टी वायर पुन्हा घालणं ही त्यांतली काही. काम झालं की काय केलं आणि कधी केलं ते लॉगबुकात लिहून, परवाना क्रमांकासह सही करायची. प्लगना ठिणगी पुरवणारा मॅग्नेटो उघडणं किंवा पंखांच्या नियंत्रणाच्या तारांना हात घालणं या यादीत नाही. भारतात देखभालीवर सही करण्याचं काम परवानाधारक एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरचं. त्यामुळे धुळे, बारामती किंवा गोंदियात शिकणाऱ्या वैमानिकाने पिशवी भरताना आपल्या इंजिनिअरला शेजारी बसवणं उत्तम. पिशवीतला योग्य भाग आणि फोनवरचा इंजिनिअर असे दोन्ही असले की मदत लवकर पोचते.

प्लग, आणि तो काढायचा पाना

पहिला मान अर्थातच प्लगचा. 172 च्या इंजिनात चार सिलिंडर आणि प्रत्येकी दोन, असे आठ प्लग असतात. दोन स्वतंत्र मॅग्नेटो त्यांना ठिणगी पुरवतात, म्हणजे एक व्यवस्था बंद पडली तरी दुसरी इंजिन चालू ठेवते. उड्डाणाआधी वैमानिक एकेका मॅग्नेटोवर इंजिन चालवून पाहतो. फेरे थोडे उतरतात. 172 एस मध्ये मिनिटाला 150 पेक्षा जास्त उतरले, किंवा इंजिन खडखडायला लागलं, तर उडायचं नाही.

कारण बहुतेकदा तेच, प्लगला आलेला कचरा. विमानाच्या निळसर पेट्रोलात अजूनही शिसं असतं. धावपट्टीकडे रेंगाळत जाताना इंजिन पुरेसं तापत नाही, आणि शिशाचे बारीक खडे प्लगच्या टोकात अडकतात. खालच्या बाजूच्या प्लगांत तेलही उतरतं. पहिला उपाय हत्याराविना होतो. पेट्रोलचं प्रमाण कमी करून इंजिन थोडा वेळ जोरात चालवलं की पुष्कळदा कचरा जळून जातो. त्याने भागलं नाही तर ज्या मॅग्नेटोवर फेरे जास्त उतरले त्याच्यावर इंजिन थोडा वेळ चालवून बंद करायचं आणि चारांतला कुठला सिलिंडर थंड राहिला ते तपासायचं. दोषी प्लग तिथेच सापडतो.

तो काढायला 7/8 इंची खोल सॉकेट लागतो. इंचांचा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. आपल्या गॅरेजमधले पाने मिलिमीटरचे असतात, आणि सेस्ना-लायकॉमिंगचे नट-बोल्ट इंचांचे. 7/16 इंच म्हणजे 11.1 मिलिमीटर, तिथे 11 चा पाना बसता बसत नाही, आणि 12 चा लावला तर नटाचे कोपरे गोल होतात. याउलट रोटॅक्स इंजिनाच्या हलक्या विमानाला मिलिमीटरचेच पाने लागतात. पिशवी भरताना आपलं विमान कुठल्या मापाचं आहे ते आधी पाहायचं.

प्लगबरोबर त्याचं तांब्याचं नवं वायसर न्यावं आणि पुस्तकात सांगितलेल्या ताकदीइतकाच तो आवळावा. हातातून फरशीवर पडलेला प्लग पुन्हा वापरायचा नाही. बाहेरून तो धड दिसतो, पण आतल्या चिनी मातीला गेलेला तडा डोळ्यांना दिसत नाही. आणखी एक गोष्ट जिवाची आहे. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. किल्ली काढलेली असली तरी, मॅग्नेटो बंद करणारी वायर तुटली असेल तर, प्रोपेलर हाताने जरासा फिरवताच इंजिन पेटू शकतं. म्हणून उभ्या विमानाचा प्रोपेलरसुद्धा चालू असल्यासारखाच मानायचा.

चाक, तेल आणि तळाचं पाणी

पंक्चर झालेलं विमान धावपट्टीवर आडवं राहिलं तर मागून येणाऱ्यांचीही वाट अडते. गाडीसारखी स्टेपनी विमानात नसते. पण टायरमध्ये ट्यूब असते, आणि घडी केलेली जादा ट्यूब पाव कप्पाही व्यापत नाही. सोबत व्हॉल्व्हची पिन, ती फिरवायचं छोटं हत्यार, हवेचा मापक आणि पायपंप. इथे एक इशारा विसरू नये. विमानाच्या चाकाची रिम दोन अर्धुकांची असते आणि बोल्टांनी जोडलेली असते. ट्यूबमधली सगळी हवा सोडल्याशिवाय ते बोल्ट सैल केले तर आतल्या दाबाने रिम फुटून बाहेर येते. अशाने माणसं मेली आहेत. शिवाय चाक उचलायला जॅक लागतो, आणि तो विमानाखाली नेमका कुठे लावायचा हे आधीच माहीत असावं लागतं.

तेल मात्र नेलंच पाहिजे. या इंजिनात साधारण साडेसात लिटर तेल मावतं आणि हवेने थंड होणारं हे इंजिन ते थोडं थोडं पीतही असतं. वाटेतल्या छोट्या धावपट्टीवर योग्य प्रतीचं तेल मिळेलच असं नाही. गाडीचं तेल इथे चालत नाही, कारण त्यातल्या धातुयुक्त रसायनांची राख सिलिंडरमध्ये साचते आणि ती तापून वेळेआधी स्फोट घडवू शकते. एकेक लिटरच्या दोन सीलबंद बाटल्या, नरसाळं आणि पुसायला जुनी सुती फडकी एवढं पुरतं.

पेट्रोल तपासायचा पारदर्शक पेला हे पिशवीतलं सर्वांत हलकं आणि रोज वापरायचं हत्यार. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते टाकीच्या तळाशी जातं. 172 एस मध्ये तळाचं पेट्रोल काढून पाहायची 13 ठिकाणं आहेत. प्रत्येक ठिकाणी थोडं पेल्यात घेऊन उजेडासमोर धरायचं. वर निळसर थर आणि खाली रंगहीन थेंब दिसले तर ते पाणी. पेला भरून सगळं रंगहीनच दिसलं तर त्याहून घाबरावं, कारण ते सगळं पाणी किंवा जेट विमानाचं इंधन असू शकतं.

चिल्लर, पण मोलाची

काही वस्तूंचं वजन काट्यावर दिसतही नाही. अमेरिकेत रात्री उडणाऱ्या विमानात फ्यूज असतील, तर प्रत्येक प्रकारचे तीन जादा फ्यूज किंवा एक पूर्ण जादा संच वैमानिकाच्या हाताशी असणं कायद्यानेच सक्तीचं आहे. सुट्या भागाची सक्ती करणारा कायदा विरळाच. हवेत, अंधारात, एका हाताने बदलता येईल असाच तो भाग आहे. बल्ब नेताना व्होल्ट पाहावेत. जुन्या 172 मध्ये वीज 14 व्होल्टची असते, नंतरच्यांत 28 ची.

एका डबीत कॉटर पिना ठेवाव्यात. नटातून आरपार घातलेली ही दुपायी पिन नट सैल होऊ देत नाही. एकदा वाकवून काढलेली पिन पुन्हा घालायची नसते, म्हणून नव्या पाच-सहा हव्यातच. सेफ्टी वायर आणि तिला पीळ देणारी पक्कड हीही तशीच. वायर अशा दिशेने बांधतात की बोल्ट सैल व्हायला गेला तर ती त्याला उलट घट्ट ओढते. हार्डवेअरच्या दुकानातला सारखा दिसणारा बोल्ट मात्र पिशवीत येऊ द्यायचा नाही. विमानाच्या बोल्टाचं पोलाद आणि त्याची कागदपत्रं दोन्ही वेगळी असतात.

दोन टॉर्च, आखूड आणि लांब दांड्याचे पेचकस, पक्कड, आरसा, वायरबंद. एवढ्यात हत्यारांचा भाग संपतो.

फोर्ट सिम्पसनचा सरस

सुटा भागच नसेल तर माणूस काय करू शकतो, याची एक गोष्ट कॅनडाच्या उत्तरेत घडली. 1921 च्या हिवाळ्याअखेर इम्पीरियल ऑइल कंपनीची दोन युंकर्स विमानं, ‘व्हिक’ आणि ‘रेने’, मॅकेन्झी नदीकाठच्या फोर्ट सिम्पसनला उतरली. उतरताना ‘रेने’चा प्रोपेलर आणि स्की मोडली. ‘व्हिक’चा प्रोपेलर आणि स्की काढून ‘रेने’ला लावली, तर उडण्याच्या प्रयत्नात तोही प्रोपेलर मोडला. आता दोन विमानं आणि धड प्रोपेलर एकही नाही. विमानांना चाकांऐवजी स्की होत्या, त्यामुळे बर्फ वितळायच्या आत निघणं भाग होतं.

मेकॅनिक बिल हिल आणि सुतार वॉल्टर जॉन्सन यांनी घसरगाडीसाठी ठेवलेल्या ओकच्या फळ्या घेतल्या. मूस या भल्यामोठ्या हरणाचं कातडं उकळून सरस काढला, फळ्या एकावर एक चिकटवून आवळल्या, आणि मोडक्या प्रोपेलरच्या मापाने नवा कोरून काढला. एप्रिलमध्ये एल्मर फुलर्टन तो लावून ‘व्हिक’ घेऊन उडाले आणि सुखरूप दक्षिणेला परतले. तो प्रोपेलर आज ओटावाच्या विमान संग्रहालयात आहे.

आज असा प्रोपेलर कुणी लावू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण या गोष्टीतला क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. हाताशी होता तो सुटा भाग पहिल्याच प्रयत्नात गेला. त्यानंतर ती माणसं थांबली. लाकूड निवडलं, सरस शिजवला, तो वाळेपर्यंत वाट पाहिली. त्यांना थांबता आलं, कारण वस्तीवर ऊब होती आणि अन्न होतं.

थांबण्याची सोय

हाच विचार अलास्काच्या कायद्यात उतरला आहे. तिथे उडणाऱ्या विमानात प्रत्येक माणसाला आठवडाभर जगवेल इतकं अन्न, कुऱ्हाड, प्रथमोपचार पेटी, मासेमारीचे गळ आणि दोरे, सुरी, आग पेटवायचं साधन, डोक्यावरून घ्यायची मच्छरजाळी आणि खुणेसाठी धूर किंवा उजेड सोडणाऱ्या नळ्या सक्तीच्या आहेत. 15 ऑक्टोबर ते 1 एप्रिल या काळात त्यात बर्फातले जोडे आणि झोपायची पिशवीही येते. या यादीत पाना नाही. विमान दुरुस्त होईलच असं कायदा गृहीत धरत नाही. माणूस टिकला पाहिजे एवढंच तो पाहतो.

आपल्याकडे कुऱ्हाड आणि गळ नकोत. पण प्रत्येकी दोन-तीन लिटर पाणी, कोरडा खाऊ, चादर, टोपी, प्रथमोपचार आणि बॅटरीवर चालणारा हातातला रेडिओ हवाच. विमान अडलं की वैमानिकाच्या मनात घरी पोचायची घाई दाटते. तहानलेला, उन्हात तापलेला, संध्याकाळची वाट बघणारा माणूस खडखडणाऱ्या इंजिनालाही ‘चालेल’ म्हणतो. पाणी आणि चादर असेल तर तोच माणूस ‘उद्या सकाळी बघू’ म्हणू शकतो. म्हणून माझ्या लेखी पिशवीचा हा भाग हत्यारांइतकाच यंत्राच्या सुरक्षिततेचा आहे.

थांबायचं तर विमानही नीट बांधावं लागतं. दोन पंखांना दोन आणि शेपटीला एक असे तीन दोरखंड, जमिनीत मारायच्या मेखा आणि चाकांचे लाकडी ठोकळे. दावणीला बैल बांधावा तसं. वळवाचं वारं सुटलं की उभ्या विमानाचे पंख आपलं काम सुरू करतात, त्यांना धावपट्टीची गरज नसते. पिटो नळीचं झाकणही लावायचं. वेग मोजणारी ही बोटभर नळी कुंभारीण माशीला घर बांधायला अगदी सोयीची वाटते. फेब्रुवारी 1996 मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकात पोर्तो प्लाताहून उडालेलं एक बोइंग 757 समुद्रात कोसळून 189 माणसं गेली. त्याची एक पिटो नळी बंद होती, आणि अशाच एखाद्या माशीने आत केलेलं मातीचं घर हे तपासकांना सर्वांत संभाव्य कारण वाटलं. विमान कित्येक दिवस उभं होतं आणि नळीवर झाकण नव्हतं. म्हणून झाकणाला लांब लाल फीत हवी, म्हणजे निघताना ते काढायचं राहत नाही. विमान ओढायच्या दांड्यालाही तशीच फीत बांधावी. नाकाच्या चाकाला विसरलेला दांडा प्रोपेलरमध्ये जातो.

गुंडाळी

हे सगळं ठेवायला पेटी नको, जाड कापडाची गुंडाळी शिवून घ्यावी. एका हत्याराला एक कप्पा, आणि कप्प्यावर त्याचं नाव. गुंडाळीला कोपरे नसतात, ती खडखडत नाही, सीटमागे नीट बसते. तिचा मोठा गुण काम संपल्यावर कळतो. इंजिनाचं झाकण लावण्याआधी गुंडाळी जमिनीवर उघडी पसरायची आणि कप्पे मोजायचे. इंजिनावर राहिलेला एक पेचकस प्रोपेलरकडे किंवा नियंत्रणाच्या दांड्यांत सरकू शकतो, म्हणून रिकामा कप्पा दिसला की विमान जागचं हलवायचं नाही. आधी ते हत्यार शोधायचं.

प्लगच्या कप्प्याला तेवढी एक सवलत. तो रिकामा असेल आणि त्यातला प्लग आता दुसऱ्या कुणाच्या इंजिनात बसलेला असेल, तर खुशाल निघावं. मुक्कामी पोचल्यावर आठवणीने नवा आणून ठेवावा.